असॅसिन्स क्रीडचा पहिला भाग नीट कसा खेळायचा, ११९१ चं क्रूसेड समजून घेत

माझा भाचा बारावीनंतरच्या सुट्टीत ठाण्याला आमच्याकडे महिनाभर होता. त्याने असॅसिन्स क्रीडचे नवीन भाग जवळपास सगळे खेळलेत, इजिप्तवाला झाला, ग्रीसवाला झाला, पण २००७ चा पहिला भाग त्याने दोन तासांत सोडून दिला, म्हणे मामा यात तेच तेच आहे, बुरुजावर चढा, खिसा कापा, मारा, पळा. मला ते लागलं, कारण शाळेत आम्हाला धर्मयुद्धं म्हणजे एक परिच्छेद होता आणि सलाहुद्दीन कोण, रिचर्ड कोण, जेरुसलेमवरून एवढं काय चाललेलं हे मी वाचायला लागलो ते याच गेममुळे. मग रोज रात्री जेवणं झाली की त्याच्या शेजारी बसून पूर्ण गेम त्याच्याकडून खेळून घेतला आणि त्याला सांगितलेलं सगळं आता नीट लिहून काढतोय. ज्यांना हा भाग कंटाळवाणा वाटला त्यांनी असा एकदा खेळून बघा.

पीसीवर खेळत असाल तर २००८ ला आलेली डायरेक्टर्स कट आवृत्ती मिळेल, तीच घ्या, तिच्यात तपासाची कामं चार प्रकारांनी जास्त आहेत. मूळ गेमला सबटायटल्स नाहीत आणि मधले संवाद स्किप होत नाहीत, म्हणून हेडफोन लावूनच बसा. पंख्याचा आवाज, खाली सोसायटीत गाड्या, यात अर्धं बोलणं निसटतं आणि या गेममध्ये बोलणं निसटलं की पुढे काय करायचं तेच कळत नाही.

सुरू करायच्या आधी दहा मिनिटं देऊन एवढं डोक्यात ठेवा. ४ जुलै ११८७ ला हत्तीनच्या लढाईत इजिप्त-सीरियाचा सुलतान सलाहुद्दीन याने जेरुसलेमच्या ख्रिश्चन राज्याचं सैन्य मोडलं आणि २ ऑक्टोबरला जेरुसलेम त्याच्या ताब्यात आलं. तिथे त्याने कत्तल केली नाही, पुरुषामागे १० दिनार, बाईमागे ५ दिनार अशी खंडणी घेऊन लोकांना बाहेर जाऊ दिलं. आपल्याकडे १७३९ ला चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा पोर्तुगीज शिबंदीला सन्मानाने बाहेर पडू दिलं होतं, तो प्रसंग ज्यांना माहीत आहे त्यांना हे लगेच कळेल. मग युरोपातून तिसरं क्रूसेड, म्हणजे धर्मयुद्धाची मोहीम, निघालं. जर्मन सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा वाटेतच जून ११९० मध्ये नदीत बुडून मेला, फ्रान्सचा फिलिप आणि इंग्लंडचा रिचर्ड समुद्रमार्गे आले. आक्रे नावाच्या बंदराला ऑगस्ट ११८९ पासून वेढा पडला होता, आणि तो वेढाही कसला, क्रूसेडर शहराला घेरून बसलेले आणि सलाहुद्दीन बाहेरून त्या क्रूसेडरांना घेरून बसलेला. १२ जुलै ११९१ ला आक्रे पडलं. गेम त्याच्या नंतरच्या काही आठवड्यांत घडतो. हे माहीत असलं की आक्रेच्या वेशीतून आत शिरताना रस्त्यावर प्रेतं का पडलीत, रंग करडा का आहे, लोक असे का बोलतायत हे वेगळं कोणी सांगावं लागत नाही.

आता हात कसा बसवायचा ते. गेममध्ये माणसाचे चार भाग चार बटणांवर दिलेत, डोकं, हत्याराचा हात, रिकामा हात आणि पाय. पीसीवर उजवं माऊस बटण दाबून धरलं की हीच बटणं आक्रमक काम करतात, सोडलं की सौम्य. म्हणजे स्पेस नुसती धरली तर अल्ताईर, म्हणजे तुम्ही खेळता तो मारेकऱ्यांच्या टोळीतला नायक, मान खाली घालून हात जोडून संन्याशासारखा चालतो, आणि उजव्या बटणाबरोबर धरली तर धावतो, चढतो, उडी मारतो. शिफ्ट नुसती धरली तर गर्दीतून हळूच हाताने वाट करतो, उजव्या बटणाबरोबर दाबली तर समोरच्याला धरून फेकतो. सगळा गेम या एका बटणाच्या धरण्या-सोडण्यावर आहे आणि नव्या भागांतून आलेली पोरं ते बटण सोडतच नाहीत, सतत धावत असतात, म्हणून शहरभर शिपाई मागे लागतात आणि मग गेम त्रासाचा वाटतो.

भाच्याला हे तोंडी सांगून पटेना तेव्हा मी त्याला संध्याकाळी साडेसहाला ठाणे स्टेशनच्या पुलावर घेऊन गेलो. म्हटलं बघ, रोजचा माणूस कसा चालतो, कोणाला ढकलत नाही पण थांबतही नाही, फट दिसली की खांदा घालतो, समोरून डोक्यावर टोपली घेतलेली बाई आली की आधीच बाजूला होतो, आणि धावणारा एकटा माणूस असला की सगळे वळून त्याच्याचकडे बघतात. दमास्कसच्या बाजारात असंच चालायचं. डोक्यावर हंडे घेतलेल्या बायकांना धक्का लागला की हंडा फुटतो आणि शिपाई बघायला लागतात, तेव्हा त्यांना लांबून वळसा घाला. भिकारीण पैसे मागत आडवी आली तर तिला ढकलू नका, बाजूच्या गल्लीत वळा. गणपतीच्या आधीच्या शनिवारी जांभळी नाक्यावरून सामान घेऊन सुखरूप बाहेर पडलेल्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागणार नाही.

पुढची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ऑप्शन्समध्ये जाऊन स्क्रीनवरची माहिती बंद करा, निदान कोपऱ्यातला नकाशा तरी. पहिले दोन तास चालू ठेवा, बटणं अंगवळणी पडली की बंद. हा गेम नकाशाशिवाय खेळता येतो, आणि माझ्या मते तसाच खेळावा, कारण वाट सांगायचं काम यात माणसांना दिलंय. प्रत्येक शहरात तुमच्या टोळीचं एक ठिकाण असतं, छतातून आत उतरायचं, तिथे बसलेल्याला रफीक म्हणतात, अरबीत रफीक म्हणजे साथीदार. तो तुम्हाला सांगतो की अमुक मशिदीच्या आसपास बघ, बाजाराच्या उत्तरेला लोक बोलतायत ते ऐक. नकाशा चालू असला की कोणी त्याचं ऐकत नाही, ठिपक्याकडे पळत सुटतात, आणि मग सगळी कामं सारखी वाटणारच. नकाशा बंद केला की पहिल्यांदा उंच मनोरा शोधावा लागतो, वर गरुड फिरत असतो तिथे चढायचं, चौफेर बघायचं, घुमट कुठे, नदी कुठे, तटाचा दरवाजा कुठे हे मनात धरायचं आणि मग गवताच्या गाडीत उडी टाकून कामाला लागायचं. भाच्याला तिसऱ्या दिवशी दमास्कस पाठ झालं, रस्त्यांच्या नावासकट नाही पण खुणांसकट, आपल्याला मासुंदा तलाव कुठे नि कौपिनेश्वर कुठे हे जसं न बघता माहीत असतं तसं.

तपासाची कामं करताना ज्याला मारायचंय अशा प्रत्येक माणसामागे दोन-तीन पुरतात, तेवढी झाली की रफीक पीस देतो आणि मारायची परवानगी मिळते. घाई असेल तर तेवढंच करा असं बरेच जण सांगतील, मी सांगेन सगळी करा, कारण कागद आणि नकाशे मिळतात त्यात तिरंदाज कुठे उभे आहेत, कुठली भिंत मोकळी आहे, माणूस किती वाजता कुठून जातो असं सगळं असतं, आणि ते पॉज मेन्यूत परत बघता येतं. कान देऊन ऐकायचं काम सोपं, बाकावर बसायचं आणि बोलणाऱ्यावर नजर लॉक करायची. खिसा कापताना मागून सौम्य चालीने शिफ्ट धरून जवळ जायचं, तो वळायच्या आत हात काढायचा. चौकशीचं काम म्हणजे एखाद्या भाषण देणाऱ्याच्या मागे जाऊन तो एकटा सापडला की मुठींनी ठोकून बोलतं करायचं, यात चूक एकच होते, लोक भर चौकात शिपायांसमोर सुरू करतात. गल्लीत वळेपर्यंत धीर धरा.

आणि शिपाई कोणाला त्रास देत असतील तर ते काम कधीच टाळू नका. वाचवलेल्या माणसाचे नातेवाईक तिथे कायमचे उभे राहतात आणि पुढे तुमच्यामागे लागलेल्या शिपायांना धरून ठेवतात, किंवा पांढऱ्या कपड्यातले विद्वान उभे राहतात ज्यांच्या घोळक्यात मिसळून पहाऱ्यातून आत जाता येतं. म्हणून मारायच्या आधी पळायची वाट ठरवा आणि त्या वाटेवरची माणसं आधी वाचवून ठेवा. खून झाला की शहरभर घंटा वाजायला लागतात, रफीकचं छत पाठलाग चालू असेपर्यंत बंद असतं, आणि शिपायांच्या नजरेआड झाल्याशिवाय गवतात लपूनही उपयोग नाही. वाट ठरलेली असली की गल्लीचे दोन कोपरे, एक शिडी, गच्चीवरचा पडद्याचा आडोसा, संपलं.

लढाईबद्दल थोडक्यात. सुरुवातीला तुमचा दर्जा काढून घेतलेला असतो, हत्यारं आणि डावपेच हळूहळू परत मिळतात. उलटवार मिळाला की तोच वापरा, उजवं बटण धरून थांबायचं, समोरच्याने वार उचलला की डावं दाबायचं. लपवलेल्या पात्याने उलटवार केला तर माणूस हमखास जातो, पण त्या पात्याने वार अडवता येत नाही, वेळ चुकली की लागतंच, तेव्हा आधी तलवारीवर हात बसवा. फेकायच्या सुऱ्या तिरंदाजांसाठी राखून ठेवा, त्या संपल्या की बाजारातल्या गुंडांच्या पाठीवरून चोरता येतात. छताच्या कडेला लढाई झाली तर धरून खाली फेका. पाण्यात मात्र पडू नका, अल्ताईरला पोहता येत नाही, पडला की संपला.

एकेका सावजाबद्दल सगळं सांगत बसत नाही, मजा जाईल, पण आक्रेतली तीन माणसं सांगतोच कारण तिथेच गेम आणि इतिहास एकमेकांत अडकलेत.

पहिला गार्निये द नाब्लूस, हॉस्पिटलर सरदारांचा, म्हणजे लढवय्या ख्रिश्चन साधूंच्या एका संघटनेचा, मुख्य. त्याच्या इस्पितळात विद्वानांच्या घोळक्यातून शिरा, आत वेडसर रुग्ण धक्के मारतात, त्यांच्यापासून भिंतीच्या कडेने जा, आणि तो रुग्णांना बघत एकेका खाटेशी थांबतो तेव्हा मागून गाठा. दुसरा विल्यम ऑफ माँटफेराट. रिचर्ड आणि तो भांडतात ते दृश्य लक्ष देऊन ऐका, रिचर्ड त्याला विचारतो की तीन हजार कैदी का मारलेस. खरी गोष्ट अशी की २० ऑगस्ट ११९१ ला आक्रेबाहेर सुमारे २७०० कैद्यांची कत्तल झाली ती खुद्द रिचर्डच्या हुकमाने, ठरलेले पैसे आणि कैदी सलाहुद्दीनकडून वेळेत आले नाहीत म्हणून. गेमने इथे रिचर्डला वाचवलंय आणि मला ते पटत नाही, त्याचा शूरपणा दाखवायचा तर हेही त्याच्याच नावावर राहायला हवं होतं. आणि खरा विल्यम तर तेव्हा म्हातारा होता, हत्तीनला कैद झालेला, सलाहुद्दीनने त्याला टायर शहराच्या तटासमोर उभं करून त्याच्या मुलाला, कॉनराडला, शहर दे नि बाप ने असं सांगितलं होतं आणि कॉनराडने शहर दिलं नाही. गेममधल्या विल्यमसाठी किल्ल्याच्या तटावर बाहेरून चढा, वरचे पहारेकरी सुऱ्यांनी उडवा आणि तो आतल्या चौकात आला की वरून उतरा.

तिसरा सिब्रांड, गोदीत. तो घाबरून आधीच जहाजावर जाऊन बसतो आणि चारी बाजूंना पाणी. धक्क्यावरून सरळ गेलात तर दारुडे ढकलून पाण्यात पाडतात, म्हणून बाजूच्या होड्या आणि खांबांवरून उड्या मारत जहाजाच्या मागून चढा, उडी मारायच्या आधी प्रत्येक वेळी थांबून कॅमेरा सरळ करून घ्या. याला ट्यूटॉनिक, म्हणजे जर्मन, सरदारांचा प्रमुख म्हणून दाखवलंय, पण ११९१ ला ती लढवय्यांची संघटनाच नव्हती, वेढ्याच्या वेळी ब्रेमेन आणि ल्यूबेकच्या व्यापाऱ्यांनी जहाजाच्या शिडाचं कापड ताणून जखमींसाठी उभं केलेलं इस्पितळ होतं, लष्करी रूप ११९८ ला आलं.

जेरुसलेममध्ये मज्द अद्दीनसाठी गर्दीत राहून थांबा, भाषण संपायच्या आत व्यासपीठावर धावू नका. दमास्कसच्या जुबैरसाठी त्याच्यासारखेच कपडे घातलेले बरेच जण फिरत असतात, तिथे तपास अर्धवट केलेल्यांची फजिती होते. शहरांमधल्या मोकळ्या मुलखात घोडा शिपायांजवळ चालवतच न्या, दौडवला की मागे लागतात.

मग आर्सुफची लढाई. इथे सगळ्यांशी लढू नका, टेकड्यांमधून पळत पुढे जा, शेवटी रिचर्डसमोर टेम्प्लरांशी, म्हणजे हॉस्पिटलरांसारख्याच दुसऱ्या संघटनेच्या सरदारांशी, सामना होतो तिथे पाठ भिंतीशी ठेवून फक्त उलटवार. ही लढाई खरी ७ सप्टेंबर ११९१ ची, आणि हे कळलं तेव्हा भाचा गेम थांबवून माझ्याकडे बघत राहिला, की आर्सुफला रिचर्डचा इशारा व्हायच्या आधी बाणांनी हैराण होऊन पिछाडीच्या हॉस्पिटलरांनी जी धडक मारली आणि लढाई फिरवली, तिच्या पुढे होता गार्निये द नाब्लूस. म्हणजे ज्याला तुम्ही आक्रेच्या इस्पितळात मारून आलात तोच. आणि रॉबेर द साब्ले, टेम्प्लरांचा मुख्य, गेममध्ये इथे मरतो, प्रत्यक्षात तो ११९३ पर्यंत जगला.

अल्ताईरची टोळी मात्र पूर्ण कल्पना नाहीये. मसियाफचा किल्ला आजही सीरियात उभा आहे, तिथे रशीद उद्दीन सिनान हा निझारी इस्माइली या शिया मुस्लिम पंथाच्या लोकांचा पुढारी बसायचा, पश्चिमेकडचे त्याला डोंगरावरचा म्हातारा म्हणत. त्याच्या माणसांनी सलाहुद्दीनवर दोनदा हल्ला केला, सलाहुद्दीनने ११७६ ला मसियाफला वेढा घातला आणि थोड्याच दिवसांत उठवला. कॉनराड, तोच बापाला न सोडवणारा, जेरुसलेमचा राजा म्हणून निवडून आला आणि लगेच २८ एप्रिल ११९२ ला टायरच्या रस्त्यात दोघा जणांनी साधूंच्या वेशात गाठून त्याला मारलं. विद्वानांच्या घोळक्यात मिसळायचं बटण दाबताना हे आठवा. नशेत माणसं मारायचे वगैरे ज्या गोष्टी फिरतात त्या त्यांच्या शत्रूंनी आणि प्रवाशांनी रंगवलेल्या आहेत, त्यावर विश्वास ठेवू नका. हा समाज आजही आहे, आगाखान त्यांचे इमाम. पहिल्या आगाखानांची कबर मुंबईत माझगावला हसनाबादमध्ये आहे आणि पुण्याचा आगाखान पॅलेस तिसऱ्या आगाखानांनी बांधलेला. भाच्याला घेऊन आम्ही एका रविवारी माझगावला जाऊन बाहेरून ती इमारत बघून आलो, सेंट्रलच्या गाडीने ठाण्याहून सरळ जाता येतं.

शेवटच्या भागात मसियाफला काय होतं ते सांगत नाही. फक्त ते खेळायच्या आधी जेरुसलेमच्या रफीकशी, मलिकशी, झालेले सगळे संवाद आठवून बघा, पहिल्या भेटीत तो कसा बोलतो आणि शेवटच्या भेटीत कसा. त्याचा हात अल्ताईरच्या उतावीळपणामुळे गेलेला आहे.

सगळं संपल्यावर एक काम राहतं. दमास्कसची एखादी जुनी मेमरी, म्हणजे खेळून झालेला टप्पा, परत उघडा, कोणाला मारू नका, उमय्यद मशिदीवर चढून बसा आणि माहिती सगळी बंद ठेवा. रिचर्ड ११९२ मध्ये दोनदा जेरुसलेमच्या जवळ पोचून मागे फिरला, २ सप्टेंबरला तह झाला, किनारा क्रूसेडरांकडे, जेरुसलेम सलाहुद्दीनकडे, आणि नि:शस्त्र यात्रेकरूंना वाट मोकळी. ऑक्टोबरमध्ये रिचर्ड जहाजात बसला आणि ४ मार्च ११९३ ला सलाहुद्दीन याच शहरात वारला. त्याची कबर या मशिदीच्या शेजारीच, उत्तरेच्या अंगाला आहे. गेममधल्या दमास्कसमध्ये ती दिसणार नाही, कारण तिथे तो अजून जिवंत आहे. भाचा तिथे पंधरा मिनिटं बसला होता, खालून बाजाराचा आवाज येत होता, मग म्हणाला मामा आता पुढचा भाग इटलीचा ना, तो उद्या सुरू करू, पण नकाशा बंद ठेवून.